लेकीच्या वेळी रस्ता बंद होता

माझ्या नवऱ्याला एकच डोळा आहे, हे मला लग्नाआधीच माहीत होतं. तो एकच का आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हट्टा गावी माझ्या माहेरी बघायला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ल्हानपणी शेळीनं शिंग मारलं. बाकी पोरगं सोन्यासारखं हाय." त्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्याच, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. माझे वडील म्हणाले, "एका डोळ्यानं काय अडतं? निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय." आणि मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडच्या एका लहान गावात सून म्हणून आले. बारावी झाले होते, म्हणून पुढं गावची आशा ताई झाले.

लेक आठेक महिन्यांची असेल. दिवेलागणीला तिला मांडीवर घेऊन बसले होते. तिनं मान वळवली आणि डाव्या बुबुळात काहीतरी चमकलं. मांजरीच्या डोळ्यात चमकतं तसं. मी सासूबाईंना दाखवलं. त्या एकदम चुलीकडं वळल्या आणि म्हणाल्या, "उजेडानं दिसतं तसं. बघत बसू नको, नजर लागती."

तालुक्याच्या डॉक्टरनं तिरळेपणा सांगितला. मोठी झाली की जाईल म्हणाले. मला ते पटलं नाही, म्हणून नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी एकदाच बॅटरी मारून पाहिलं आणि हैदराबादच्या दवाखान्याचं नाव लिहून दिलं. "उद्याच निघा," एवढंच म्हणाले.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला तपासलं आणि मग नवऱ्याकडं बघत राहिल्या.

"आपकी आँख को क्या हुआ था?"

"बकरी ने सींग मारा. बचपन में."

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवून ती मिटलेली पापणी उघडून पाहिली. म्हणाल्या, "घर में माँ हैं? फोन लगाइए."

नवऱ्यानं फोन लावला, स्पीकर सुरू केला. बाई विचारत होत्या, मी मराठीत सांगत होते. शेवटी सासूबाईंचा आवाज आला, "गाठ आली व्हती रे बाबा तुह्या डोळ्यात. तू दीड-दोन वर्साचा व्हतास. नांदेडला काढली."

नवऱ्यानं फोन बंद केला नाही. तसाच हातात धरून बसले. सासूबाई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. तीस वर्षं ज्या शेळीला ते शिव्या घालत आले होते, ती शेळी कधी नव्हतीच.

बाईंनी समजावून सांगितलं. हा डोळ्याचा कॅन्सर आहे. यांच्या बीजातच त्याचा दोष आहे आणि तो लेकराकडं जातो. प्रत्येक मुलाला निम्मी-निम्मी शक्यता. आधी माहीत असतं, तर जन्मल्याबरोबर तपासता आलं असतं. डावा डोळा काढावा लागला. उजव्यात दोन बारक्या गाठी होत्या, त्या औषधानं आणि लेसरनं जाळल्या. तो डोळा वाचला. "पण ही गाठ परत उगवते," बाई म्हणाल्या. "महिना-दीड महिन्याला आणायचं. भूल देऊन तपासायचं. पोरगी कितीही खेळती दिसली, तरी चुकवायचं नाही."

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "काहून लपवलं?"

"खरं सांगितलं असतं तर त्याला कोन पोरगी दिली असती?"

"म्हणून मला फसवून आणलं व्हय?"

मी भांडण तिथंच सोडलं, कारण लेकीचा एक डोळा होता आणि तो सांभाळायचा होता.

वर्षभर आम्ही सांभाळला. हिंगोलीहून गाडी धरायची, दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी परत. पोरगी चालायला लागली. एका डोळ्यानं अंगणातली मुंगी टिपायची. कोकरांच्या मागं धावायची. नवरा म्हणायचे, "बापासारखीच तेज हाय. एकच पन बराबर." दर वेळी बाई तपासून बाहेर यायच्या आणि अंगठा वर करायच्या. त्या अंगठ्यावर आमचा पुढचा महिना निघायचा.

मग कोरोना आला.

आमची एप्रिलची तारीख होती. मार्च संपायच्या आत गाड्या बंद, एसट्या बंद, जीपा बंद. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकून रस्ता अडवला. मी दवाखान्यात फोन लावला. तिकडून एक मुलगी म्हणाली, फक्त अर्जंट पेशंट बघतो आहोत, तुमचा अर्जंटच आहे, या. मी विचारलं, कसं यायचं? ती म्हणाली, ते तुम्ही बघा.

त्या दिवसांत मी आशा म्हणून घरोघर फिरत होते. कपाळावर तापाची बंदूक धरायची, विचारायचं, ताप आहे का, खोकला आहे का, पुण्या-मुंबईहून कोण आलं आहे का. लोक दार अर्धंच उघडायचे. जिल्ह्यात कुणी खोकललं तरी यंत्रणा हलायची. मी आरोग्य केंद्राच्या साहेबांना म्हणाले, "साहेब, माझ्या लेकीला कॅन्सर हाय. हैदराबादला न्यायचं हाय. चिठ्ठी द्या."

साहेब म्हणाले, "ताई, आज सर्वे किती झाला?"

चिठ्ठी त्यांनी नंतर दिली. चांगले होते तसे. त्यांनाही झोप नव्हती. पण त्या चिठ्ठीवर पास मिळेना. मोबाइलवर अर्ज करायचा, दोन दिवसांनी नामंजूर दिसायचं. कारण लिहिलेलं नसायचं. तहसीलमध्ये गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, "मयत हाय का? डिलिव्हरी हाय का? मग लॉकडाऊन उठू द्या की." मी म्हणाले, गाठ लॉकडाऊन पाळत नाही. त्यानं खिडकी ओढून घेतली.

सासरे सरपंचाकडं गेले. सरपंच त्यांच्या बसण्या-उठण्यातले. परत येऊन म्हणाले, "ते म्हणून राहिले, पोरीपायी सगळं घर काहून धोक्यात घालता? तिकडून रोग आणाल तर गाव तुमाला वाळीत टाकील. दोन महिने थांबा."

"मामाजी, दोन महिन्यांत डोळा जाईल."

"पोरगी तर खेळून राहिली चांगली," सासरे म्हणाले.

हेच वाक्य मी त्या उन्हाळ्यात सगळ्यांकडून ऐकलं. पोरगी खरंच खेळत होती. दुखत नव्हतं, ताप नव्हता. हा रोग बाहेरून दिसतच नाही, म्हणून तर भूल देऊन बघायचं.

मे महिन्यात नवरा म्हणाले, "चल. गाडीवर जाऊ." साहेबांची चिठ्ठी, दवाखान्याच्या फायली, पाण्याच्या बाटल्या घेऊन पहाटेच मोटारसायकलवर निघालो. पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये. हिंगोली, नांदेड, देगलूर. आपल्याकडच्या पोलिसांनी चार ठिकाणी अडवलं, फाइल बघून सोडलं. एका हवालदारानं लेकीला बिस्किटाचा पुडाही दिला. देगलूरच्या पुढं सीमेवर लोखंडी बॅरिकेड होते. पलीकडच्या पोलिसानं फाइल उघडलीसुद्धा नाही. तेलंगणाचा पास पाहिजे म्हणाला.

मी लेकीला पुढं केलं. "साब, कैंसर है. आँख का."

त्यानं दुरून वाकून पाहिलं. लेक नेमकी त्याच्या शिट्टीकडं बघून हसत होती.

"अच्छी तो है बच्ची," तो म्हणाला. "घर ले जाओ. बाहर मत घुमाओ."

नवऱ्यानं हात जोडले. मी त्यांना कुणापुढं हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. मागं मालट्रकांची रांग लागली होती. कांद्याचा ट्रक सोडला, कोंबड्यांचा सोडला. आम्ही एका लिंबाच्या झाडाखाली दुपार काढली आणि परत फिरलो.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई फोनवर भेटल्या. म्हणाल्या, मोबाइलचा फ्लॅश लावून डोळ्याचा फोटो काढून पाठवत जा. बारकी गाठ फोटोत दिसत नाही, पण निदान काहीतरी. मी रोज फोटो काढायला लागले. पोरीला तो खेळच वाटायचा. फ्लॅश पडला की टाळ्या वाजवायची. मेच्या अखेरपर्यंत फोटोत बुबुळ लाल यायचं, तसंच यायला पाहिजे असतं. जूनच्या मध्यावर एक दिवस पांढरं आलं. मी परत काढला. परत पांढरं. त्याच आठवड्यात ती दारातल्या करडावर जाऊन आदळली आणि खाली बसून हातानं ते चाचपायला लागली.

तेव्हा कुठं दोन्हीकडचे पास मिळाले. भाड्याची गाडी केली. दवाखान्याच्या दारात आधी कोरोनाची तपासणी. मी आणि लेक ठीक निघालो. नवऱ्याला शिंकसुद्धा आलेली नव्हती, पण ते पॉझिटिव्ह निघाले. त्यांना गाडी घेऊन गेली. त्यांच्यासोबत होतो म्हणून आम्हा दोघींना दहा-बारा दिवस थांबायला सांगितलं. दवाखान्यामागच्या एका खोलीत आम्ही दोघी. ती मला हातानं शोधायची. मी हाक मारली की आवाजाकडं तोंड करायची, पण थोडं बाजूलाच बघायची.

तपासणी झाली त्या दिवशी बाई प्लास्टिकच्या मुखवट्याआडून बोलल्या. डोळा भरून गेला आहे. औषधानं आता होणार नाही. काढला नाही तर मेंदूत जाईल.

"दो महीने पहले आते तो..." त्या म्हणाल्या.

"दो महीने पहले रास्ता कहाँ था, मॅडम?"

त्यांनी सहीचा कागद पुढं सरकवला. त्यांच्यावर माझा राग नव्हता. पण कुणावर तरी काढायचा होता आणि समोर त्याच होत्या.

सहीच्या आधी नवऱ्याला फोन लावला. ते कोरोनाच्या वार्डात होते, मागं कुणीतरी एकसारखं खोकत होतं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काढू दे. जीव तर राहील." मग म्हणाले, "मला एक तरी ठेवला व्हता."

मी सही केली. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "माय, लाइट लाव."

गावात परत आलो तर आम्हाला शाळेच्या खोलीत ठेवलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या आशा ताईनंच आमच्या घराच्या दारावर क्वारंटाइनचा कागद चिकटवला. जेवणाचे डबे फाटकात ठेवून लोक लांब पळायचे. पट्टी बांधलेली पोरगी पायरीवर बसलेली असायची आणि फाटक वाजलं की विचारायची, "कोन हाय?" कुणीच उत्तर द्यायचं नाही. कोरोना हवेतून येतो, हे त्यांना माहीत होतं; उत्तरातून येतो असंही त्यांना वाटत असावं.

पुढं एक दिवस शेजारीण म्हणाली, "काही म्हन, तुमच्या घरातलं कोनी गेलं न्हाई. देवाची कृपा." तिला खरंच तसं वाटत होतं. गावात कोरोनानं गेलेल्यांचा आकडा रोज आम्हा आशांकडून घेतला जायचा. माझ्या लेकीच्या डोळ्याचा कुठल्याच आकड्यात समावेश नव्हता. तो कॅन्सरनं गेला, असंच सगळे म्हणतात.

त्याच पावसाळ्यात मला पुन्हा दिवस गेले. मला दुसरं मूल नको होतं. ऑपरेशनची शिबिरं बंद होती. गावाला गोळ्या वाटणारी मी, माझ्याच थैलीत गोळ्या नव्हत्या. वरून साठाच आला नव्हता. पोट पाडायला म्हणून रुग्णालयात गेले तर तिथं सगळा कोरोना वार्ड झालेला. नंतर या, म्हणाले. पोटातल्या लेकरात हा दोष आहे की नाही, ते तपासता येतं, असं हैदराबादच्या बाईंनी सांगितलं होतं. त्यासाठी आधी नवऱ्याचं रक्त तपासावं लागणार होतं. ती तपासणीही तेव्हा अडकलेली होती. नंतर-नंतर करता दिवस वर गेले.

मुलगा झाला. दुसरी लाट नुकतीच चढत होती. हिंगोलीत पुन्हा संचारबंदी. मी बाळंतपणाच्या खाटेवरूनच म्हणाले, "याला लगेच न्यायचं. एकसुद्धा दिवस थांबायचं न्हाई." मला वाटलं होतं, भांडावं लागेल. मी भांडायच्या तयारीत होते.

भांडावं लागलं नाही. सासरे त्याच दुपारी सरपंचाकडं गेले. सरपंच स्वतः मोटारसायकल काढून हिंगोलीला गेले आणि पास घेऊन आले. आपली जीप दिली, ड्रायव्हर दिला. सासूबाई बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू बांधून पहाटे तयार. "वंशाचा दिवा हाय," सरपंच जीपजवळ उभे राहून म्हणाले, "डोळ्याला काही व्हता कामा नये."

खरं सांगायचं तर दुसऱ्या वर्षी नियम बरेच सैल झाले होते. पास लवकर मिळत होते, सीमेवर कागद बघून सोडत होते. हे मला कळतं. पण सैल नियमांनी जीप दिली नव्हती आणि सैल नियमांनी लाडू बांधले नव्हते. बॅरिकेडजवळ तोच पोलीस होता की दुसरा, मला ओळखता आलं नाही. त्यानं हात हलवून जायला सांगितलं. जीप थांबलीसुद्धा नाही.

मुलाच्या उजव्या डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका निघाला. बाईंनी लेसरनं जाळला. अंगठा वर केला. "बहुत अच्छा किया. वक़्त पर लाये." मी रडले. नवऱ्याला वाटलं, आनंदानं.

घरी आल्यावर सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. लेक त्यांच्या पदराला धरून त्यांच्याबरोबर दारोदार फिरली. रात्रीच्या भाकरी थापताना मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, हा रस्ता मागच्या साली कुठं व्हता?"

"मागच्या साली कोरोना नवा व्हता. कोनाला काय कळत व्हतं?"

"तुमाला कळत व्हतं. तुमी एकदा बघितलं व्हतं."

त्यांनी तव्यावरची भाकर उलटली. म्हणाल्या, "मी त्याला कडेवर घेऊन एकटी नांदेडला गेल्ते. सासू म्हनली, वांझोटी बरी पर अशी बीमारी जन्माला घालनारी नको. परत आल्यावर म्यांच शेळीची गोष्ट केली. न्हाई तर मला घरातून काढलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोरगं व्हतं म्हनून तरी जाऊ दिलं."

मला त्यांची कीव आली. माफ करणं मात्र जमलं नाही, अजूनही जमत नाही. त्या आता थकल्या आहेत. मी त्यांचं सगळं करते. पाय चेपते. पण लेक सुट्टीत घरी येते आणि त्या तिच्या तोंडावरून हात फिरवून "माझी बाय गं" म्हणतात, तेव्हा मी उठून गोठ्याकडं जाते.

लेक आता अंधांच्या निवासी शाळेत आहे, परभणीकडं. हुशार आहे. बोटांनी वाचते, पाढे भराभर म्हणते, मास्तरांच्या चपलांच्या आवाजावरून नाव सांगते. मुलगा अंगणवाडीत जातो. त्याची तपासणी कधी चुकत नाही. सासरे स्वतः आठवण करतात. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र दोन्ही मुलांबद्दल सांगून ठेवली आहे. या दोषाचा कॅन्सर पुढं हाडात, कुठंही येऊ शकतो. काही दुखलं, सुजलं, तर अंगावर काढायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात शाळेतून फोन आला. लेकीचा गुडघा दुखतो आहे, आठवडा झाला. घरात सांगितलं तर सासरे म्हणाले, "पडली असंल. आंधळं लेकरू, पडनारच. सोयाबीनचं माप व्हऊ दे, मग बघू." नवरा माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. पिशवी भरली, गोरेगावहून जीप धरली, परभणीला लेकीला घेतलं आणि हैदराबादच्या गाडीत बसले. नवऱ्यानं फोन करून म्हटलं, "थांब, मी येतो." मी म्हणाले, "तुमी पोराजवळ थांबा."

गुडघ्याचा फोटो काढला, मोठ्या मशीनमध्ये घातलं. काही नव्हतं. मुका मार होता. खेळताना खांबावर आदळली होती. पायाला पट्टी बांधून परत निघालो.

परतीच्या गाडीत समोर एक बाई बसली होती. चांगल्या घरची, बोलकी. लेकीला तिनं पेरू दिला. मग आवाज हळू करून मला विचारलं, "जन्मापासूनच असं आहे का हो?"

मी तोंड उघडायच्या आत लेकच बोलली.

"न्हाई," ती म्हणाली. "मला दिसत व्हतं."

बाई खिडकीबाहेर बघायला लागली. दोन वर्षांच्या पोरीला काय आठवत असेल? खरंच तिला काही आठवतं, की घरात माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं म्हणून ती तसं म्हणाली, हे मी विचारलं नाही. तिनं हातातला पेरू खाऊन संपवला आणि माझ्या पदराला बोटं पुसली.